पिवळ्याचे दोन ठोके

१

आमच्या कामात प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. म्हणूनच माझं वजन वाढलं नाही, असं माझी नणंद म्हणायची. ती खोटं बोलायची नाही, पण माझ्या बाबतीत जरा सांभाळून घ्यायची.

काम तसं साधं. माहिती साठवणारी मशीनं असतात, उंच रॅकमध्ये एकावर एक रचलेली. अशी पुष्कळ मशीनं मिळून एकच मोठं कोठार असल्यासारखी वागतात. प्रत्येकाच्या पाठीला दोन पॉवर सप्लाय. एकाला लाल केबल, दुसऱ्याला निळी. लाल केबल लाल स्ट्रिपमध्ये, म्हणजे ओळीने सॉकेट असलेल्या लांब पट्टीत जाते, ती स्ट्रिप लाल मेनला जोडलेली. निळ्याचं सगळं वेगळं, अगदी बॅटऱ्यासुद्धा. एक बाजू गेली तर दुसरीने सगळा भार ओढायचा, आणि दोन्ही असतील तेव्हा निम्मा निम्मा. सुखी संसार म्हणतात तो हाच. फरक एवढाच की रॅकमध्ये तो खरोखर चालतो.

केबली लावून झाल्या की तपासायच्या. त्याला दोघं लागतात. एकाने मागे बसून प्लग काढायचा, दुसऱ्याने पुढून दिवा बघायचा. दोन्ही बाजू असतील तर दिवा हिरवा. एक काढली आणि मशीन तरीही चालू असलं, तर पिवळा. पंख्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग रॅकच्या पलीकडचं कुठून येणार? म्हणून आम्ही ठोके ठरवले होते. पिवळ्याला दोन, हिरव्याला एक. रॅकच्या लोखंडी खांबाला बोट लावून बसलं की ठोका कानाआधी हाताला कळायचा.

मागे नेहमी मी, कारण तिथे मशीनांची गरम हवा येते आणि मला उन्हाळ्यातही थंडी वाजते. पुढे थंड हवेच्या बाजूला माझी नणंद. करड्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून, रिकाम्या केबलच्या रिळावर बसून. खाली बसायची म्हणून तिचे ठोके गुडघ्याच्या उंचीवरून यायचे. ठोके अंगठीने मारायची. टक टक. हलकेच, दार वाजवून आत येऊ का विचारावं तसे.

पहिल्याच दिवशी मी एक प्लग काढला, दोन ठोके आले, तरी खात्री करायला उठून पुढे गेले. तिने रिळावरून मान वर केली.

"काय गं वहिनी, वाट चुकलीस?"

"दिवा बघायला आले."

"मग मी इथे काय हवा खायला बसलेय? मागचीने पुढे बघायला यायचं नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर घरी जा आणि माझ्या भावाचा स्वयंपाक कर."

"त्यापेक्षा विश्वास ठेवते, वन्सं."

तेव्हापासून मी कधी पुढे गेले नाही. सगळ्या साइट्सवर आम्हाला 'नणंद-भावजय' म्हणूनच ओळखायचे. घरात मी तिची वहिनी, कामावर ती माझी साहेब. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मी कामावर राहिले.

२

आता माझ्याबरोबर मास्तर असतो. तो कधी शाळेत शिकवत नव्हता, पण प्लग आणायला सांगितला तरी प्लगचा इतिहास सांगून मग आणतो, म्हणून मास्तर. माणूस चांगला. उंच. ठोके मात्र वरून देतो, आणि तेही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने. रॅकला काही झालं नाही तर माझ्या बोटांना होईल, असे.

ही खोली बऱ्याच रुग्णालयांची होती. एक्स-रे, स्कॅन, सगळे फोटो इथे येऊन राहणार होते. रॅकच्या ओळीच्या मागे माझी गरम गल्ली, पुढे मास्तरची थंड गल्ली. ओळीच्या टोकाला भिंतीवर दोन मेन स्विच, लाल आणि निळा, वर-खाली होणाऱ्या हँडलचे. शेवटचा रॅक आणि भिंत यांच्यात हातभर फट होती. ती बुजवायचा पत्रा अजून आला नव्हता. फटीतून थंड हवा इकडे यायची आणि पांढऱ्या उजेडाची एक उभी पट्टी दिसायची.

शेवटच्या रॅकची तपासणी सुरू केली. सगळ्यात खालच्या मशीनची निळी केबल काढली, खांबाला बोट लावलं.

टक टक.

मी मान डोलावली आणि प्लग परत लावायला घेतला, तोच वरून धाड धाड झालं. मास्तर.

हात तसाच राहिला. दोनाचे चार कसे झाले? मास्तरने गंमत केली असेल म्हणावं, तर गंमत करायच्या आधी तो गंमतीची व्याख्या सांगतो. लोखंड आहे, म्हटलं. लांब खांब, वर मारलं तर खाली घुमणारच.

पण घुमतं ते नंतर. हे आधी आलं होतं.

मी प्लग लावला. हिरव्याचा एकच ठोका आला, वरून. खालून काही नाही. मी बोट जरा जास्तच वेळ तिथे ठेवलं. का, ते विचारू नका.

३

पुढचं मशीन. निळी काढली. टक टक, खालून. मग मास्तर, वरून. लावली. फक्त मास्तर.

त्याच्या पुढचं. काढली. टक टक. मग बराच वेळ मास्तर नाहीच. मी ओळीच्या टोकाकडून ओरडले, दारापाशी जाऊन ओरडले, तेव्हा तो बाहेरच्या पॅसेजमध्ये फोन कानाला लावून उभा दिसला.

"किती वेळ इथे आहात?"

"आत्ताच आलो. म्हणजे मघाशी. रुग्णालयाचा माणूस विचारतोय, खोली कधी ताब्यात देणार." त्याने फोनवर हात ठेवला. "काय झालं, वहिनी? मशीन बंद पडलं?"

"नाही. तुम्ही ठोके दिलेत ना?"

"इथून कसे देणार?"

"तेच म्हणते."

मग त्याने मला धातूतून आवाज कसा जातो ते समजावलं. वरच्या मजल्यावरची लिफ्ट, वातानुकूलनाचे पाइप, गार-गरम झाल्यावर पत्र्याचं आखडणं. सगळं पटण्यासारखं होतं. मी हो हो म्हणत ऐकलं. फक्त लिफ्टला कसं कळतं की मी निळी केबल काढली, आणि लावली की तिने गप्प बसायचं, एवढं विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर त्याने त्याचंही उत्तर दिलं असतं, आणि मला ते नको होतं.

४

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. जेवताना मी त्याला सांगितलं. हसत हसतच सांगितलं, म्हणजे तोही हसेल.

"कान तपासून घे," तो म्हणाला. "डोळे फुकट बघतो, कानाचं आपल्याकडे नाही."

"बरं."

तो जेवत राहिला. मग ताटातच बघत म्हणाला, "किती ठोके?"

"दोन."

"खालून?"

तिचे ठोके त्यालाही माहीत होते. घरी बाथरूमच्या दारावर ती तसेच द्यायची, आणि हा आतून ओरडायचा, धाकटे, येतोय, जीव घेऊ नकोस.

"मला ने एकदा तिकडे," तो म्हणाला.

"बाहेरच्यांना सोडत नाहीत. ओळखपत्र लागतं."

"मग तू हाक मारून बघ."

"वेडा आहेस का? मास्तर काय म्हणेल?"

"मास्तर काही म्हणू दे," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

५

सगळ्या खोलीची तपासणी झाली की हे संपणार होतं. खोली एकदा ताब्यात दिली की दार त्यांच्या कार्डाने उघडतं, आपल्याला आत पाऊल टाकता येत नाही. आणि ठोके फक्त तिथेच येत होते, फक्त एखादी केबल निघालेली असतानाच. घरी मी टेबललॅम्पचा प्लग काढून बसून बघितलं. नवरा म्हणाला, काय करतेस? म्हटलं, वीज वाचवतेय.

म्हणून मी काम लांबवायला लागले. केबलींच्या जुड्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. मी त्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. मग म्हटलं, या मशीनच्या केबली जरा ताणल्यात, सैल वळण ठेवायला हवं. पुन्हा सोडल्या. मास्तर मागे येऊन वैतागून विचारायचा, "वहिनी, हा रॅक आपण लावतोय की त्याची वेणी घालतोय?"

"नीट दिसायला हवं."

"मागून कोण बघणार आहे?"

आहे ना बघणारी, असं माझ्या तोंडाशी आलं.

सोडताना, बांधताना एक केबल बाहेर राहू द्यायची आणि खांबाला बोट लावून बसायचं. टक टक. थोडा वेळ जायचा. टक टक. तिला कंटाळा नव्हता. मला तर नव्हताच. मी तिला घरातलं सांगायला लागले, तोंड रॅकच्या अगदी जवळ नेऊन. तुझा भाऊ आता मीठ कमी खातो. तुझ्या खोलीत मी काही हलवलेलं नाही, फक्त पंखा पुसला. पंख्यांच्या त्या आवाजात माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बोलायला सोपं गेलं.

एकदा हाकही मारली. "वन्सं?"

टक टक.

माझ्या डाव्या बाजूला ती फट होती. दोन पावलं टाकली असती आणि मान वाकवली असती, तर रीळ ठेवायची जागा दिसली असती. मी गेले नाही. मागचीने पुढे बघायला जायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर, तिथे कुणी नाही असं दिसलं असतं तर मग मी काय करणार होते?

६

त्याच रॅकमधल्या मधल्या मशीनसमोर मी बसले होते. मास्तर पुढे उभा होता, हे मला माहीत होतं. त्याच्या बुटांची टोकं रॅकखालून दिसत होती. सगळी मशीनं एकदम तपासायला मी या वेळी निळ्या स्ट्रिपचाच प्लग काढला.

चेहऱ्यावर येणारी गरम हवा थांबली.

पंखे बंद पडतात तेव्हा आवाज एकदम जात नाही. उतरत उतरत जातो, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मशीन मेलं होतं. फटीतून मास्तरचं ओरडणं ऐकू येत होतं, "गेलं! वहिनी, गेलं!" आणि त्या ओरडण्याच्या मधेच:

टक टक.

खांबावर नाही. माझ्या बाजूच्या पत्र्यावर. माझ्या गुडघ्याशेजारी.

मी पाय ओढून घेतला. खाली केबली होत्या, पत्रा होता, माझा टॉर्च होता. बाकी काही नव्हतं.

मास्तर धावत आला आणि त्याने टॉर्च मारला. "दोन्ही निळ्या स्ट्रिपमध्ये! वहिनी, दोन्ही केबली एकाच स्ट्रिपला लावल्यात तुम्ही!"

खरंच तसं होतं. सोडता-बांधता लाल केबलही मी निळ्या स्ट्रिपमध्ये खोचली होती. बाहेरून सगळं ठीक दिसतं, दिवा हिरवा लागतो, आणि ज्या दिवशी ती बाजू जाते त्या दिवशी कळतं. शिकाऊ पोरांनाही आम्ही हे पहिल्यांदा शिकवतो.

"झोप झाली नाही का?"

"झाली."

"मग लक्ष कुठे होतं?"

मशीन रिकामं होतं म्हणून निभावलं. केबल बदलली, निळी स्ट्रिप लावली, मशीन सुरू झालं, वरून एक ठोका आला.

त्या संध्याकाळी घरी जाताना पहिल्यांदा भीती वाटली. माझी नणंद मेलेल्या मशीनला पिवळा कधी म्हणाली नसती. जीव गेला तरी नसती म्हणाली. मग जी पुढे बसते ती दिव्यांकडे बघत नाही. ती कशाकडे बघून दोन ठोके देते?

आणि भीतीच्या जोडीला आणखी एक गोष्ट मनात येत होती. ती मी नवऱ्याला सांगितली नाही. एक बाजू गेली की ती पलीकडून ठोके देते. दोन्ही गेल्या तेव्हा ती अलीकडे आली होती.

७

शेवटची चाचणी म्हणजे पूर्ण निळी बाजू बंद करायची, सगळ्या रॅकची एकदम, आणि सगळे दिवे पिवळे होतात का बघायचं. मग परत लावायची. हे झालं की सह्या, आणि खोली त्यांची.

सकाळी पोचले तर मास्तर दारातच उभा. "त्यांचं जुनं कोठार आज पहाटे बंद पडलं. फोटोंची प्रत रात्रीच इथे आली होती, म्हणून रुग्णालयं आत्तापासूनच फोटो इथून उघडतायत."

"मग चाचणी पुढे ढकला."

"ते म्हणतात आजच करा. एक बाजू गेली तर दुसरी धरते की नाही हे कळल्याशिवाय त्यांना चैन नाही. झटकन करायचं, वहिनी. खाली, बघितलं, वर. तिकडे टेबलावर माणूस झोपवलेला असेल, आणि डॉक्टर फोटो बघत असेल." त्याने मला वॉकीटॉकी दिला. "मी पुढे. तुम्ही मेनपाशी."

मी गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिले. डावीकडे निळं हँडल, उजवीकडे लाल, आणि लालच्या पलीकडे ती फट. गरम हवा पाठीवर येत होती, फटीतली थंड हवा उजव्या गालाला लागत होती.

"करा," मास्तर वॉकीवर म्हणाला.

डाव्या हाताने निळं हँडल खाली ओढलं. खोलीचा सूर बदलला. सगळे पंखे जरासे चढले, ओझं डोक्यावर घेताना माणूस हुंकार देतो तसे. लाल बाजूने सगळं घेतलं.

"पिवळे," मास्तर म्हणाला. त्याच्या चालण्याचा आवाज वॉकीत येत होता. "पिवळा, पिवळा, पिवळा. सगळे पिवळे! झकास. लावा, वहिनी."

टक टक.

शेवटच्या रॅकच्या खांबावर, खाली.

"वहिनी, लावा."

लावलं की संपणार होतं. लावते, म्हटलं. जरा थांबा, म्हटलं. मोठ्याने म्हटलं की मनात, सांगता येत नाही. आणि मी मान वाकवून फटीत बघितलं.

पांढरा उजेड होता. जमिनीपासून जरा वर एक गुडघा होता. गुडघ्यावर कोपर, कोपरापर्यंत सरकवलेली करडी बाही. पंजा खांबावर, अंगठी आतल्या बाजूला फिरवलेली. चेहरा रॅकच्या कडेआड होता. मी अजून वाकले असते तर दिसला असता. मी वाकले. तसा तोही मागे सरकला, अगदी तेवढाच.

मग हात खांबावरून निघाला. मीठ घ्यायला ताटावरून हात जावा तसा, काही घाई नसलेला. फटीतून माझ्या बाजूला आला आणि लाल हँडलवर टेकला.

मी त्यावर माझा हात ठेवला. तो ऊबदार होता. त्या गल्लीत सगळंच ऊबदार असतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सांधे तेच होते. करंगळीचं पेर तिचं होतं तसंच वाकडं होतं.

आमच्या हातांखाली हँडल हलायला लागलं.

"वहिनी! काय झालं? निळा लावा! वहिनी, तिकडे कुणीतरी टेबलावर असेल!"

माझा डावा हात होता, तो मी विसरलेच होते. तो वर गेला. निळं हँडल खटकन बसलं. पंख्यांचा सूर उतरला, निम्म्यावर आला. मास्तर धावत आला.

"हिरवे झाले सगळे. पण एवढा वेळ का..." तो थांबला. माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. "वहिनी, लाल का धरलाय?"

माझ्या हाताखाली फक्त हँडल होतं. अर्ध्यावर आलेलं. आणखी जरासं खाली गेलं असतं, तर बंदच पडलं असतं सगळं.

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि हँडल वर सारलं. पहिल्यांदाच त्याला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

"चक्कर आली," मी म्हटलं.

८

दुसऱ्या दिवशी फटीला पत्रा बसला. खोली दिली.

नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी बरंचसं सांगितलं. त्याच्या बहिणीचा हात बघितला म्हटलं. तो हँडलवर होता, माझाही होता, म्हटलं.

"ती ते खाली ओढत होती?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"वर धरून ठेवत होती."

तो रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्याने त्याला बरं वाटलं, मग पुढचं त्याने विचारलं नाही, की ती वर धरत होती तर हँडल खाली कसं येत होतं.

हँडलवर दोनच हात होते. तिचा खालचा, माझा त्याच्यावर.

जोर वरच्या हाताचा होता.